संतोष कोणी कोणास सांगावा?

गेल्या चातुर्मासाच्या आरंभी आमच्या ओळखीच्या एका देवस्थानाच्या व्यवस्थापक मंडळापुढे एक सूचना आली. देवळाच्या सभागृहात आठ आठवड्यांचा ध्यानवर्ग भरवावा, तो विनामूल्य असावा, आणि त्याचा लाभ मुख्यत्वेकरून बेताच्या प्राप्तीवर संसार रेटणाऱ्या मंडळींस मिळावा, अशी ती सूचना होती. दुकानांतील नोकर, हॉटेलांतील वाढपी, बसचे चालक आणि वाहक, खासगी शाळांतील शिक्षक, खुद्द देवळातील सेवेकरी, या सर्वांची मने हल्ली फार त्रासलेली असतात, त्यांस थोडे स्वास्थ्य लाभावे, हा हेतू. सूचना सर्वांस आवडली. आम्हीही त्या सभेस निमंत्रित म्हणून हजर होतो आणि अनुमोदनासाठी आम्हीही हात वर केला.

सभा आटोपून बाहेर पडलो, तो नगारखान्याच्या पायरीवर देवळातील एक वयस्क वाजंत्री बसले होते. वर्गाची वार्ता त्यांच्या कानी गेली होती. ते उठून उभे राहिले आणि आपल्या कोंकणीत म्हणाले, "मन थीर करपाक शिकयतात तें बरेंच जालें, पूण पगार खंयचे तारखेक मेळटलो?"

प्रश्नात उपरोध नव्हता. त्यांस खरोखरच तारीख हवी होती. त्यांचा दोन महिन्यांचा पगार थकला होता. हे आम्हांस ठाऊक नव्हते. आणि लाजेची गोष्ट ही की, हात वर करण्यापूर्वी ते विचारून घ्यावे, असे आम्हांस सुचलेही नव्हते. त्या दिवसापासून तो प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला आहे. ज्याच्या अस्वस्थतेस उघड कारण आहे, त्यास स्वस्थ राहण्याची विद्या शिकविणे हे धर्मकार्य आहे, की ती एक सोज्ज्वळ दिसणारी टाळाटाळ आहे? वाचकांसमवेत त्याचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा उद्देश.

प्रथम ही विद्या काय आहे ते पाहू. इंग्रजीत तिला 'माइंडफुलनेस' म्हणतात. पाली भाषेतील 'सति' या शब्दासाठी ऱ्हीस डेव्हिड्स या पंडिताने १८८१ साली हा प्रतिशब्द योजिला. 'सति' म्हणजे आपली संस्कृतातील 'स्मृति'च. परंतु येथे तिचा अर्थ झालेले आठवणे असा नसून, चालू क्षणाचे विस्मरण होऊ न देणे असा आहे. बुद्धाच्या परंपरेत सतिपट्ठान सुत्तात तिची पद्धत सांगितली आहे: श्वास, देह, सुखदुःखाच्या संवेदना आणि चित्ताच्या अवस्था यांकडे, त्यांत वाहून न जाता, पाहत राहावयाचे. १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या रोग्यांसाठी या पद्धतीवर आधारलेला आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. आठवड्यातून एकदा अडीच तासांचा वर्ग, घरी रोज सुमारे ४५ मिनिटांचा अभ्यास, श्वासाचे निरीक्षण, पायाच्या बोटांपासून मस्तकापर्यंत अवधान फिरविणे आणि हठयोगातील काही सौम्य आसने, असे त्याचे स्वरूप. आज जगभर जे वर्ग भरतात, त्यांपैकी बहुतेकांचा साचा हाच होय.

आपल्याकडील वाचकांस हे अगदीच परके वाटावयाचे कारण नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात मन आवरणे वाऱ्यास आवरण्याइतके कठीण आहे अशी तक्रार अर्जुन करतो, आणि त्यास अभ्यास व वैराग्य ही दोन साधने सांगितली जातात. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे दुसरे काही मागितले नाही. मागितले ते अवधान. आणि लग्नमंडपात 'सावधान' हा शब्द ऐकून समर्थ उठून गेले, ही कथा तर घरोघर माहीत आहे. तेव्हा वस्तू आपल्याच घरची. परदेशी फिरून, नवे वेष्टन लेवून परत आली आहे, इतकेच.

तिच्यात गुण आहे काय? आहे, असेच म्हटले पाहिजे. २०१४ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात ४७ प्रयोगांचा, म्हणजे साडेतीन हजारांहून अधिक व्यक्तींवरील अनुभवांचा, एकत्र परामर्श प्रसिद्ध झाला. चिंता, विषण्णता आणि शारीरिक वेदना या तिन्हींमध्ये ध्यानाभ्यासाने बेताचा परंतु खरा उतार पडतो, असे त्यात आढळले. मात्र व्यायाम, औषध किंवा इतर उपचार यांहून ध्यान सरस ठरते, असे दिसले नाही. वारंवार विषण्णतेचा झटका येणाऱ्या रोग्यांसाठी या पद्धतीवर आधारलेल्या उपचाराची शिफारस इंग्लंडातील अधिकृत वैद्यकीय मार्गदर्शनात २००४ पासून आहे. सारांश, हे थोतांड नव्हे आणि संजीवनीही नव्हे. एक उपयुक्त साधन आहे. आता साधनाविषयी पहिला प्रश्न असा की, ते कोणाच्या हाताशी आहे?

रोजची ४५ मिनिटे हा हिशेब वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु पहाटे पाचला उठून डबे करणारी, दोन बस बदलून कामावर जाणारी आणि रात्री नऊला भांडी घासणारी गृहिणी ही ४५ मिनिटे कोठून आणणार? ती झोपेतूनच आणील. सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले आणि त्यांनी विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे सुरू केली. इगतपुरीचे केंद्र १९७६ पासून चालू आहे. तेथे शिकविण्याचे, राहण्याचे वा जेवणाचे मूल्य घेतले जात नाही. पूर्वी लाभ घेतलेल्यांच्या दानावर पुढच्यांची सोय होते. ही व्यवस्था खरोखर थोर आहे. तथापि, रोजंदारीवर असलेल्या माणसाचे दहा दिवस म्हणजे दहा दिवसांची मजुरी. जे विनामूल्य आहे तेही गरिबास फुकट पडत नाही, ही गोष्ट देणाऱ्याच्या ध्यानात सहसा येत नाही. कारण देणाऱ्याचा वेळ पगारी रजेतला असतो.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. गरिबाचे मन अस्वस्थ का असते? त्यास मन आवरता येत नाही म्हणून, की त्याचे मन आधीच कामास जुंपलेले असते म्हणून? याविषयी एक उद्बोधक संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले. तमिळनाडूतील ४६४ ऊस-शेतकऱ्यांची तोडणीपूर्वी आणि तोडणीनंतर अशी दोनदा बुद्धीची परीक्षा घेण्यात आली. ऊस हे असे पीक की, वर्षाचा पैसा एकदम हाती येतो आणि पुढच्या तोडणीपर्यंत तो पुरवावा लागतो. बेळगावकडील वाचकांस हे सांगणे नको. तोच माणूस, तीच बुद्धी. परंतु तोडणीपूर्वी, ओढाताणीच्या दिवसांत, त्याची उत्तरे लक्षणीय प्रमाणात चुकली आणि पैसा हाती आल्यावर ती सुधारली. याचा अर्थ, टंचाई ही केवळ खिशात नसते. ती मनाची जागा अडवून बसते. किराणा दुकानाची उधारी, मुलाची फी, सावकाराचा हप्ता यांची गणिते अशा माणसाच्या डोक्यात अहोरात्र चालू असतात. त्याचे अवधान दुबळे नसते. ते गहाण पडलेले असते.

आमच्या गोव्यातील खाणपट्ट्याने हे डोळ्यांनी पाहिले आहे. २०१२ साली खाणी बंद झाल्या. पुढे काही काळ काम चालू झाले आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविल्यावर पुन्हा थांबले. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेत आम्ही येथे शिरत नाही. डोंगर आणि पाणी यांचीही बाजू होतीच. परंतु कर्ज काढून ट्रक घेतलेल्या माणसाचा ट्रक दारात उभा होता आणि हप्त्याची तारीख मात्र उभी राहत नव्हती. अशा माणसास 'श्वासाकडे पाहा' असे सांगितले तर काय होईल? श्वासाने हप्ता फिटणार नाही, हे खरे. परंतु संध्याकाळी तो दारूच्या दुकानाकडे न वळता घरी येईल, मुलावर हात उगारणार नाही, हेही कदाचित् खरे होईल. आणि ते काही थोडे नव्हे. म्हणूनच हा प्रश्न एका वाक्यात निकालात काढता येत नाही.

दुःखाचा संबंध केवळ पैशाशीही नाही. लंडनमधील सरकारी नोकरांची १९६७ साली सुरू झालेली एक पाहणी सुप्रसिद्ध आहे. ती माणसे निष्कांचन नव्हती. सर्वांस कायम नोकरी होती. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाई-पहारेकऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीतील अधिकाऱ्यांच्या तिपटीच्या आसपास आढळले. धूम्रपानादी नेहमीची कारणे वगळूनही हा फरक सर्वस्वी पुसला गेला नाही. १९८५ पासून झालेल्या पुढच्या पाहणीत असे दिसले की, आपल्या कामावर ज्याची काहीच सत्ता चालत नाही, काय, केव्हा आणि कसे करावयाचे हे ज्यास दुसराच सांगतो, त्याच्या हृदयास अधिक धोका संभवतो. लहान नोकरीतील माणसाचे दुःख कमी पगाराचे जसे असते, तसेच ते पराधीनतेचेही असते. आमच्या वाजंत्रीबुवांस केवळ पैसे नव्हे, तारीख हवी होती, ती याचसाठी. तारीख ठाऊक असली म्हणजे माणूस उधारीचा वायदा करू शकतो, ताठ मानेने दुकानात जाऊ शकतो.

आता ज्या संस्थेच्या हाती पगार, तारीख आणि कामाचे तास आहेत, तीच संस्था ध्यानवर्ग भरविते, तेव्हा काय घडते? ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६ हजारांहून अधिक नोकरांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. सजगतेचे वर्ग, ताण सोसण्याचे शिक्षण, मनःस्वास्थ्याची मोबाइलवरील साधने अशा उपायांत भाग घेतलेले नोकर भाग न घेतलेल्यांपेक्षा अधिक सुखी आढळले नाहीत. एका वेळी केलेल्या तुलनेवरून कार्यकारणाचा अंतिम निर्णय देता येत नाही, हे मान्य. तरी धडा दुर्लक्षिण्याजोगा नाही. त्याच अभ्यासात एक अपवाद दिसला तो असा की, दुसऱ्यांसाठी सेवाकार्य करण्याची संधी मिळालेले लोक मात्र थोडे अधिक समाधानी होते. तेथीलच शाळांत आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर केलेल्या मोठ्या प्रयोगाचे फळ २०२२ साली प्रसिद्ध झाले. सरसकट सर्वांस दिलेले सजगतेचे शिक्षण शाळेतील नेहमीच्या शिक्षणाहून वरचढ ठरले नाही. यावरून असे दिसते की, ज्याने आपण होऊन, गरज जाणवून हाती घेतले, त्यास हे साधन उपयोगी पडते. वरून वाटले गेले म्हणजे त्याचा गुण पातळ होतो.

येथे कोणी असा आक्षेप घेईल: "मग काय, पगार वाढेपर्यंत गरिबाने मनःशांतीची वाट पाहावी? शांती ही काय श्रीमंतांचीच मिरास?" हा आक्षेप आम्हांस फार मोलाचा वाटतो. भुकेल्या माणसास अन्नाखेरीज काही कळत नाही, असे म्हणणाऱ्यास त्या माणसाविषयी कळवळा असेलही. पण त्यात त्याचा अपमानही आहे. आपली संतमंडळी कोण होती? नामदेव शिंपी, सावता माळी, गोरोबा कुंभार. जनाबाई तर दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणारी. त्यांनी स्मरणासाठी निराळी ४५ मिनिटे काढली नाहीत. जात्याचा, मोटेचा, सुईदोऱ्याचा काळ हाच त्यांचा स्मरणकाळ झाला. अवधान ही चैनीची वस्तू नव्हे, याला यापेक्षा मोठी साक्ष कोठून आणावी?

परंतु याच परंपरेतील चोखोबांकडे पाहावे. देवळाच्या दाराबाहेर उभे राहूनही त्यांस विठ्ठल सापडला. मग तेवढ्याने ते दार बंद ठेवणे न्याय्य ठरले काय? चोखोबांची शांती ही त्यांची कमाई होती. दार बंद ठेवणाऱ्यांनी ती आपल्या खात्यावर जमा करून घ्यावयाची नव्हती. ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींस १९४७ साली पंढरपुरी प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. चोखोबा शांत होते म्हणून साने गुरुजी स्वस्थ बसले नाहीत.

आम्हांस वाटते, गुंत्याची गाठ येथे सुटते. संतोष हा गुण प्रथमपुरुषी आहे. 'मला आहे त्यात मी समाधानी आहे' हे वाक्य म्हणणाऱ्यास शोभते. तेच वाक्य पुरुष बदलून, 'तुला आहे त्यात तू समाधानी राहा' असे, ज्याच्या हाती दुसऱ्याचे वेतन आहे त्याने उच्चारले की, त्याचा अर्थ पालटतो. त्यात उपदेश उरत नाही, सोय उरते. योगशास्त्राने हा भेद कसा काटेकोर पाळला आहे ते पाहण्याजोगे आहे. पतंजलींच्या आठ अंगांत संतोष येतो तो नियमांत, म्हणजे स्वतःपुरत्या आचारात. त्याआधीचे अंग यम. त्यात अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह ही पाच व्रते येतात आणि त्यांतील अहिंसा, सत्य, अस्तेय यांचा संबंध तर उघडच दुसऱ्या माणसाशी आहे. ध्यानाचा क्रमांक सातवा. दुसऱ्याचे केलेले श्रम घेऊन त्यांचा मोबदला अडवून ठेवणे हे अस्तेयाच्या विरुद्ध नव्हे काय? तेव्हा जी संस्था पहिल्या अंगाची पायरी चुकवून सेवेकऱ्यांस एकदम सातव्या अंगावर बसवू पाहते, ती योग शिकवीत नसून योगाचा क्रम मोडीत आहे. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत द्यावे, हा दंडक कायद्यात १९३६ सालापासून आहे. त्या कायद्याची कक्षा कोठवर पोहोचते हा वाद वकिलांचा. अस्तेयाच्या कक्षेबाहेर मात्र कोणतेही देवस्थान नाही.

तुकोबांचे चरित्र या ठिकाणी फार बोलके आहे. दुष्काळाने घर उद्ध्वस्त झाले, पत्नी आणि मुलगा गेला, व्यापार बुडाला. त्यानंतर त्यांनी काय केले? चरित्रकार सांगतात की, लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते त्यांनी काढली, निम्मी धाकट्या भावाच्या स्वाधीन केली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली. वैराग्य त्यांनी स्वतः घेतले. ऋणकोंस वैराग्य शिकविले नाही, त्यांस ऋणातून सोडविले. भजनाचा हक्क त्यांस त्या डोहापाशी प्राप्त झाला, असे म्हटल्यास ते वावगे होऊ नये.

मग ध्यानवर्ग भरवूच नये काय? तसे आमचे म्हणणे मुळीच नाही. पुढच्या सभेत आम्ही आपले अनुमोदन मागे घेतले नाही. त्यास काही अटी जोडण्याची विनंती केली. थकलेला पगार आधी चुकता व्हावा आणि दर महिन्याची तारीख फलकावर लिहून लावावी. वर्ग संध्याकाळच्या आरतीनंतर वीस मिनिटांचा असावा, म्हणजे कोणाची मजुरी वा झोप बुडू नये. सेवेकऱ्यांवर उपस्थितीची सक्ती नसावी आणि गैरहजेरीचा हिशेब कोणी ठेवू नये. लहान मुलांस सांभाळावयास अग्रशाळेत कोणी असावे, नाहीतर बायका येणार नाहीत. ज्याचे मन खरोखर आजारी आहे, त्यास वर्गात बसवून न ठेवता डॉक्टरांकडे जावयास सांगावे. आणि शेवटची अट: मंडळाच्या सभासदांनीही त्याच सतरंजीवर, त्याच रांगेत बसावे.

पहिल्या अटीवर बरीच चर्चा झाली. उत्सवाचा खर्च, सभामंडपाच्या फरशीचे बिल, हिशेबनिसाची रजा अशी कारणे पुढे आली. ती सर्वस्वी खोटी नव्हती. परंतु एका ज्येष्ठ महाजनांनी विचारले, "फरशीवाल्याचे पैसे तारखेस गेले ना?" त्यावर कोणी बोलले नाही. थकबाकी त्याच महिन्यात दिली गेली. तारीख पाच ठरली. ती अद्याप पाळली जात आहे, एकदा मात्र ती नऊवर गेली.

वर्गास आरंभी तीसजण आले. आठव्या आठवड्यास अकरा उरले. त्यांत एक बसवाहक आहेत. सुट्या पैशांवरून होणाऱ्या रोजच्या भांडणांत आता उत्तर देण्यापूर्वी आपल्याला एक श्वास सापडतो, असे ते सांगतात. त्यांच्या पगारात काही फरक पडलेला नाही, हेही तेच सांगतात. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच वेळी सांगाव्या, यातच या विद्येचे खरे मोजमाप आले.

वाजंत्रीबुवा वर्गास आले नाहीत. आम्ही एकदा त्यांस कारण विचारले. ते म्हणाले, पन्नास वर्षे पालखीपुढे सनई वाजविली. श्वास कोठे घ्यावयाचा, कोठे धरावयाचा आणि कोठे सोडावयाचा हे चुकले असते तर सूर लागलाच नसता. आम्ही यावर काय बोलणार? ज्यांस अवधान शिकवावे म्हणून आम्ही सभा भरविली, त्यांच्याजवळ ते आमच्याहून अधिक होते. उणीव होती ती आमच्या अवधानात. कारण देवळात रोज जाऊनही, वाजविणाऱ्याच्या घरी चूल कशी पेटते आहे, इकडे आमचे लक्ष गेले नव्हते.